मानाचा फिल्टर

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि त्या अख्ख्या गावाची मिळून एकच गाडी होती. गावाचं नाव उंबरमाथा. खाली उतरायला बारा वळणांचा घाट होता आणि एसटी पायथ्यापर्यंतच यायची. त्यापुढे ज्याचे पाय त्याला उपयोगी.

गाडी येण्याआधी आजारी माणसाला झोळीतून खाली न्यायचे. एक लांब बांबू, त्याला बांधलेलं घोंगडं, घोंगड्यात माणूस आणि दोन्ही टोकांना बदलते खांदे. अशी कितीतरी माणसं खाली गेली आणि त्यातली काही परत वर आलीच नाहीत. शेवटी गावानं मनावर घेतलं. कुणी शेळ्या विकल्या, कुणी मधाचे डबे विकले, आणि एक जुनी पण धडधाकट जीप घेतली. ती गावात आली त्या दिवशी लोकांनी झोळीचा बांबू भैरोबाच्या देवळात आढ्याला बांधून टाकला. हा आता खाली काढायचा नाही, असं सगळे एका तोंडानं म्हणाले.

गाडी हैबती ढेबेच्या हातात दिली. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पूर्वी तो खाली ट्रकवर होता, त्यामुळे इंजिन कसं चालतं हे गावात त्याला एकट्यालाच कळत होतं. त्याचा एक नेम होता. गाडीचा कुठलाही भाग बदलायचा तर जुना भाग पुसून पिशवीत घालायचा, तीन तासांचा प्रवास करून जिल्ह्याला गाडीच्या कंपनीच्या दुकानात जायचं, जुना भाग टेबलावर ठेवायचा, नवा त्याच्या शेजारी ठेवायचा, दोन्हींवरचे नंबर वाचायचे आणि मगच पिशवी उचलायची. लोक हसायचे. एवढ्याशा डब्यासाठी दिवस घालवतो, म्हणायचे. हैबती हसू द्यायचा.

एवढासा डबा म्हणजे ऑइल फिल्टर. तांब्याएवढा पत्र्याचा डबा, आतून कागदाच्या घड्या. इंजिनातलं तेल त्यातून गाळून जातं. तेल आहे तोवर इंजिन आहे, आणि उंबरमाथ्यात इंजिन आहे तोवर माणूस आहे. हे कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती. निदान पहिली चार वर्षं तरी नव्हती.

दर खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची. पूजेआधी हैबती तेल बदलायचा, नवा फिल्टर बसवायचा, मग गाडीला झेंडूच्या माळा. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मधवाल्यानं फिल्टर आणायला पैसे दिले, म्हणून गाडीपुढचा नारळ त्याच्या हातून फोडला. झालं. तेवढ्यानं गावात रीत पडली. फिल्टर ज्याचा, नारळ त्याचा. दुसऱ्या वर्षी दोघं पुढे आले, तिसऱ्या वर्षी पाच, चौथ्या वर्षी त्यावरून दोन भावकींत बोलाचाली बंद झाली. आपल्याकडे एखाद्या गोष्टीला मान चिकटला, की त्या गोष्टीचं काम काय होतं ते पहिल्यांदा विसरलं जातं. फिल्टर कुणी द्यायचा याच्या बैठका व्हायला लागल्या. कुठला द्यायचा, हे हैबतीला कुणी विचारेनासं झालं.

पाचव्या वर्षी तो मान किसनशेठला मिळाला.

किसनशेठ मूळचा उंबरमाथ्याचाच. खाली तालुक्याला त्यानं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं होतं आणि ते चांगलं चालत होतं. गावाला त्याचा अभिमान होता. आपला माणूस, आपल्या गाडीसाठी, आपल्या दुकानातून फिल्टर देणार, यापरतं काय हवं? गाडी कमिटीचे अध्यक्ष धोंडिबातात्या तर दोन दिवस आधीपासून सदरा धुऊन बसले होते.

किसनशेठ आला तो हलगी वाजवत. फिल्टर ताटात, ताटावर लाल कापड, फिल्टरवर हळदकुंकू. त्याच्या भाच्यानं मोबाईलवर सगळं टिपायला सुरुवात केली. फिल्टरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘सर्व गाड्यांना चालेल’.

गाडीखाली गोणपाट टाकून हैबती आडवा झाला होता. जुनं तेल निथळलं होतं, जुना फिल्टर त्यानं काढून फडक्यावर ठेवला होता. ताटातला नवा फिल्टर त्याच्या हातात आला आणि त्याच्या बोटांना आधी कळलं. डोळ्यांना नंतर.

आटे जुळत होते. फिल्टर फिरवला की बसत होता. पण तोंडाशी जी रबराची रिंग असते, जी इंजिनाला घट्ट चिकटून तेल अडवते, ती जुन्या फिल्टरच्या रिंगपेक्षा नखभर लहान होती. म्हणजे ती आपल्या जागेवर न बसता जागेच्या काठावर बसणार. जुन्या फिल्टरच्या भोकांत बोट घातलं की आत रबरी पडदा लागायचा, गाडी बंद असताना तेल मागे ओघळू न देणारा. नव्यात बोट सरळ पत्र्याला लागलं. आणि नंबर कुठेच नव्हता. नंबराच्या जागी सिंहाचं चित्र होतं.

हैबती गोणपाटावरून उठला. दोन्ही हातांत दोन फिल्टर घेऊन तो म्हणाला, “शेठ, ह्यो आपल्या गाडीचा दिसत न्हाई.”

हलगी थांबली.

किसनशेठ हसला. दुकानात गिऱ्हाइकाला समजावताना हसतात तसा. “हैबतीदा, आटे बसतात ना?”

“आटे बसत्यात. पर रिंग...”

“आटे बसले की फिल्टर बसला. बाकी सगळी कंपनीवाल्यांची नाटकं. पंधरा वर्षं हाच धंदा करतोय मी. खालच्या शंभर गाड्यांना हेच फिल्टर आहेत.”

लोक हसले. हैबतीनं दोन्ही फिल्टर जवळ धरून तात्यांना दाखवले. तात्यांनी पाहिलंही नाही. ते जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “माणूस एवढ्या हौसेनं घेऊन आलाय. चार लोकांत त्याचा पाणउतारा करू नगंस.” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हैबती, नारळ थांबलाय.”

आता खरं तर इथंच ही गोष्ट संपायला हवी होती. हैबतीनं फिल्टर ताटात परत ठेवायचा होता आणि म्हणायचं होतं, नाही. एवढा एकच शब्द. त्याला पन्नास वर्षं येत असलेला शब्द. पण त्याच्यासमोर अख्खं गाव उभं होतं. किसनशेठच्या हातात नारळ होता. बायका आरतीची ताटं घेऊन ताटकळल्या होत्या. भाच्याचा मोबाईल त्याच्या तोंडावर रोखलेला होता. हैबतीला भीड पडली.

तो पुन्हा गोणपाटावर आडवा झाला आणि त्यानं तो फिल्टर आपल्या हातानं बसवला. हलगी पुन्हा सुरू झाली. किसनशेठनं नारळ फोडला, पेढे वाटले. गाडीच्या गळ्यात झेंडू आणि पोटात तो डबा.

पूजा आटोपल्यावर हैबतीनं जुना फिल्टर पुसून घरी नेला आणि फळीवर ठेवला. आठ दिवसांत जिल्ह्याला जायचं, बरोबर नंबराचा आणायचा आणि गुपचूप बदलून टाकायचा, असं त्यानं ठरवलं. पण गुपचूप कसं बदलणार? गाडी देवळासमोर उभी असते. तात्या विचारणार, काय रे, शेठचा मानाचा फिल्टर काढलास? ते शेठच्या कानावर जाणार. दसरा होऊ दे, हैबती म्हणाला. मग म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळीत किसनशेठनं त्याला स्वतःहून मिठाईचा पुडा पाठवला, मग तर आणखीच अवघड झालं.

पहिले काही दिवस तो रोज सकाळी वाकून गाडीखाली बघायचा. थेंब पडत नव्हता. पण रोज सकाळी गाडी सुरू करताना एक आवाज यायचा. रात्रभरात तेल मागे ओघळून जायचं आणि ते पुन्हा वर चढेपर्यंत इंजिन कोरडं खडखडायचं. तीन सेकंद. मग गप्प. गावात कुणाला तो आवाज आलाही नसेल. हैबतीला यायचा. रोज तीन सेकंद गाडी त्याला विचारायची आणि रोज तो गिअर टाकून पुढे जायचा.

पौषात थंडी मी म्हणत होती. एके दिवशी सकाळी ऊन नुकतंच माथ्यावर आलं होतं, तेव्हा हौसाकाकी सरपण आणायला कड्याखाली गेली. साठीची बाई, एकटी राहणारी, एक म्हैस पाळून स्वतःचं भागवणारी. कड्याला आग्या मोहोळ होतं. कशानं उठलं कोण जाणे. लोकांनी धूर करून, घोंगड्यात गुंडाळून तिला वर आणलं तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. दोन्ही डोळे मिटून गेले होते आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

“हैबती, गाडी काढ,” कुणीतरी ओरडलं.

गोष्टीत असं होतं, की ज्यानं खोटा माल दिला त्याचीच आई नेमकी त्या गाडीत असते. मग त्याचे डोळे उघडतात, तो रडतो, सगळ्यांना बरं वाटतं. इथं तसं झालं नाही. किसनशेठची आई आपल्या अंगणात उन्हाला बसून शेंगा फोडत होती आणि तिची तब्येत उत्तम होती. गाडीत होती हौसाकाकी. जिनं जन्मात फिल्टर पाहिला नव्हता, जिनं पूजेच्या दिवशी पेढासुद्धा घेतला नव्हता, कारण तिचा निर्जळी उपास होता. चुकीबद्दलची शिक्षा चुकणाऱ्याच्याच दारात जाईल एवढा शहाणपणा जगात असता तर आणखी काय हवं होतं.

गाडी सुरू झाली. त्या दिवशी खडखड तीन सेकंदांत थांबली नाही. हैबतीनं मोजलं, सात झाले. गारठ्यानं तेल घट्ट झालं होतं आणि पंपानं ते जोरात ढकललं होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर जळक्या तेलाचा वास आला आणि समोरच्या काचेखाली तेलाच्या बुधल्याचं चित्र असलेला लाल दिवा लागला.

हैबतीनं जागच्या जागी इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली. मागे रस्त्यावर पहिल्या वळणापासून काळी रेघ होती. बॉनेट उघडून त्यानं पाहिलं. ती नखभर लहान रिंग आपल्या काठावरून सुटली होती आणि एका बाजूनं बाहेर लोंबत होती. इंजिनातलं सगळं तेल घाटाच्या रस्त्यावर सांडलं होतं. गाडीत डब्यात जेमतेम लिटरभर तेल होतं, लागणार होतं सहा लिटर. तशीच गाडी दामटली असती तर पुढच्या वळणाआत इंजिन कायमचं जाम झालं असतं.

दोन गडी चढ चढत देवळाकडे पळाले. त्यांनी आढ्याचे दोर विळ्यानं कापले आणि बांबू खाली काढला.

नऊ वळणं हौसाकाकीला झोळीतून नेलं. एका टोकाचा खांदा हैबतीनं शेवटपर्यंत कुणाला दिला नाही. पायथ्याला दुधाचा टेम्पो मिळाला. दवाखान्यात पोचायला जिथं पाऊण तास लागायचा तिथं अडीच तास लागले.

काकी वाचली. पण डाव्या डोळ्यात माश्यांचे काटे मोडून राहिले होते. “लगेच काढता आले असते तर डोळा राहिला असता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते सहज, कागदावर लिहिता लिहिता सांगितलं. हैबती दाराशी उभा होता.

गावानं देवळात बैठक घेतली. हैबतीनं लोंबती रिंग सगळ्यांना दाखवली, जुना फिल्टर शेजारी ठेवला. बोट ठेवून फरक दाखवला. पोरासोरांनाही कळला. किसनशेठही आला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “आटे बसले नव्हते का?”

“बसले व्हते.”

“मग माझा माल बसत नव्हता, असं कसं म्हणता? आणि समजा नव्हता बसत. मी दिला. बसवला कुणी?”

तात्या म्हणाले, “जे झालं त्याला कुणाचा इलाज न्हवता. तिचं दैव.”

दैव म्हणे. नखभर रबर कमी घालणाऱ्याचं नाव दैव, ते बघूनही नारळाची घाई करणाऱ्याचं नाव दैव. माणसांनी करायचं आणि नाव त्याचं घ्यायचं, जे बैठकीला येऊन हरकत घेऊ शकत नाही. चार दिवसांनी किसनशेठनं हौसाकाकीला एक लुगडं पाठवलं, भाच्यानं त्याचाही फोटो काढला आणि गावातली अर्धी माणसं म्हणाली, बघा, केवढं मोठं मन.

हैबतीचं रक्त उकळत होतं. शेठचा राग होताच. पण जास्त राग याचा होता, की शेठ देवळात बोलला ते खरं होतं.

काकी घरी आल्यावर तो तिला भेटायला गेला. ती म्हशीला पाणी पाजत होती. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. हैबती उंबऱ्याशी बसला आणि त्यानं शेठला शिव्या द्यायला सुरुवात केली. खोटा माल विकतो, लोकांच्या जिवाशी खेळतो, वर बैठकीत येऊन बसायची लाज कशी वाटत नाही. काकीनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग तिनं बादली खाली ठेवली.

“किसनला त्यातलं काय कळतंय?” ती म्हणाली. “त्यो डबं इकतो. तुला कळत व्हतं.”

“म्या बोललो व्हतो काकी. सगळ्यांम्होरं बोललो.”

“किती येळा?”

हैबती उंबऱ्यावरची माती नखानं उकरायला लागला.

“सांग की. किती येळा बोललास?”

“एकदा.”

“माझ्या म्हशीचं दावं जरा कच्चं निघालं, तर म्या त्या दुकानदाराच्या दारात धा येळा जाऊन भांडते. अन् माझ्या डोळ्यासाठी तू एकदाच बोललास?” तिनं उरलेला डोळा त्याच्यावर लावला. “तुला तर दोन्ही डोळ्यांनी दिसत व्हतं, हैबती.”

ती पुन्हा म्हशीकडे वळली. तिनं त्याला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. हैबती उठून घरी आला.

त्या दिवशी त्यानं करवतीनं तो फिल्टर उभा कापला. आत कागदाच्या घड्या होत्या, पण अर्ध्याच. उरलेली जागा पुठ्ठा गुंडाळून भरली होती. त्यानं ते दोन्ही तुकडे तारेत ओवले आणि गाडीत समोरच्या आरशाला टांगले, जिथं पूर्वी मिरची-लिंबू असायचं तिथं. बरोबर नंबराचा फिल्टर जिल्ह्याहून आणून बसवला, तेल भरलं, गाडी चालू केली. तात्या एकदा गाडीत बसले तेव्हा म्हणाले, “ते अभद्र काढ बाबा तिथून.” हैबतीनं काढलं नाही. वर्षभर ते दोन तुकडे प्रत्येक वळणावर एकमेकांवर आपटत राहिले आणि प्रत्येक उतारू ते बघत राहिला. पौषात कापलेला आढ्याचा दोर मात्र कुणी नवा बांधला नाही. बांबू देवळाच्या भिंतीला टेकूनच उभा होता.

पुन्हा खंडेनवमी आली. आणि आश्चर्य बघा, मान पुन्हा किसनशेठलाच मिळाला. मागच्या वर्षी नशीब आडवं आलं, यंदा शेठला गावासाठी पुन्हा काही करू द्यावं, असं कमिटीनं ठरवलं. या वर्षी हलग्या दोन होत्या आणि ताट चांदीचं होतं.

“यंदा कुणाची तक्रार नको,” किसनशेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “दुकानातला सगळ्यात महाग आणलाय. मोठ्या गाड्यांना असतो तो. रिंगसुद्धा दांडगी.”

हैबतीनं लाल कापड उचललं. फिल्टर चांगला होता. वजनदार, चकचकीत, खाली नीट नंबर ठोकलेला. फक्त तो नंबर दुसऱ्या गाडीचा होता. त्यानं गाडीतून काढलेला जुना फिल्टर शेजारी धरला. गेल्या साली रिंग नखभर लहान होती, यंदा बोटभर मोठी होती. म्हणजे या माणसानं वर्षभरात एवढंच शिकून घेतलं होतं, की स्वस्त दिल्यावर बोभाटा होतो. गाडीला काय हवं, हे बघायला तो या वेळीही वाकला नव्हता.

“शेठ, ह्यो बसनार न्हाई,” हैबती म्हणाला.

“अरे, सगळ्यात महाग आहे म्हणतोय ना.”

“आसंल. आपल्या गाडीचा न्हाई.”

कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, याचं दरवर्षीचंच आहे. कुणी म्हणालं, फार शहाणा समजतो स्वतःला. बायकांनी आरतीची ताटं या हातातून त्या हातात घेतली. भाच्यानं मोबाईल वर केला. सगळं गेल्या वर्षीसारखंच होतं.

तात्या पुढे आले. “हैबती, नारळ थांबलाय.”

“थांबू द्या तात्या,” हैबती म्हणाला. “पौषात हौसाकाकी थांबली व्हती.”

तात्यांचा चेहरा लाल झाला. चार लोकांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. “बसवायचा नसंल तर गाडीची किल्ली ठेव खाली. गावाला दुसरा डायव्हर मिळंल.”

हैबतीनं कमरेची किल्ली सोडली आणि चांदीच्या ताटात, फिल्टरच्या शेजारी ठेवली.

“ही घ्या. ज्याला ह्यो फिल्टर बसवायचाय त्यानं किल्ली उचलावी. फकस्त हौसाकाकीच्या म्होरं उभं राहून उचलावी. दुसरं माझं काय म्हननं न्हाई.”

कुणी हललं नाही. गावात गाडी हाकता येणारे आणखी चौघं होते. त्यातल्या एकानं पाऊल पुढे टाकलं, मग आरशाला टांगलेल्या तुकड्यांकडे पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं.

गर्दीच्या मागून हौसाकाकी आली. ती ताटासमोर उभी राहिली. वाचता तिला येत नव्हतं, नंबराशी तिला काही घेणं नव्हतं. तिनं हैबतीच्या हातातला जुना फिल्टर घेतला आणि त्याच्या रिंगवरून अंगठा फिरवला. मग ताटातला नवा घेतला, त्याच्याही रिंगवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा दोन्हींवरून फिरवला. बाजारात बांगडी निवडताना जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

“ह्ये मोठं हाय,” ती म्हणाली आणि तिनं तो फिल्टर किसनशेठच्या हातात दिला. किल्ली उचलून हैबतीच्या हातात दिली. “अन् ह्ये मलासुदा कळतंय, तात्या. गेल्या साली तुम्ही हात लावून बघितला व्हता का?”

किसनशेठ म्हणाला, “मी तर गावाच्या भल्यासाठीच...” त्याचं वाक्य कुणी पुरं करू दिलं नाही असं नव्हे. ते पुरं होण्याची कुणी वाटच पाहिली नाही. लोक आपापली ताटं झाकून घरी निघाले.

त्या खंडेनवमीला उंबरमाथ्यात नारळ फुटला नाही. हैबती पायथ्यापर्यंत चालत उतरला, एसटीनं जिल्ह्याला गेला, जुना फिल्टर टेबलावर ठेवून नवा शेजारी ठेवला, दोन्हींवरचे नंबर वाचले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घाट चढून वर आला. गाव पुन्हा जमलं. या वेळी हलगी नव्हती. दोन्ही फिल्टर पाटावर शेजारी शेजारी ठेवले. हैबतीनं दोन्हींचे आकडे मोठ्यानं वाचले. मग ते हातोहात फिरले, आणि ज्याच्या त्याच्या अंगठ्यानं रिंगवरून एक फेरी मारली. तात्यांनीही मारली. शेवटी हौसाकाकी म्हणाली, “जुळतंय,” आणि नारळ तिच्याच हातून फोडला.

दोन गड्यांनी त्याच दिवशी नवा दोर आणला आणि झोळीचा बांबू पुन्हा आढ्याला बांधला.

उंबरमाथ्यात अजून हीच रीत आहे. फिल्टर कुणीही द्यावा. नारळ तो फोडतो, जो दोन्ही ताडून पाहतो आणि जुळत नसेल तर चारचौघांत तसं म्हणतो. त्या वर्षी नारळ एक दिवस उशिरा फुटला होता. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

तात्पर्य: जे काम आपल्याला कळतं, तिथं चुकीची वस्तू दिसत असूनही भिडेखातर गप्प बसणारा माणूस ती वस्तू देणाऱ्याइतकाच दोषी असतो. एकदा सांगून कुणी ऐकलं नाही, तर पुन्हा सांगावं. आणि तरीही ऐकलं नाही, तर निदान आपल्या हातानं ती बसवू नये.